नव्याच्या नऊ दिवसांनंतर

२०२५ सालच्या पुनरुत्थान सणाला फ्रान्समध्ये १०,३८४ प्रौढ स्त्री-पुरुषांनी स्नानसंस्कार स्वीकारला. आदल्या वर्षी ही संख्या ७,१३५ होती. एका वर्षातील ही वाढ सुमारे ४५ टक्क्यांची आहे. याखेरीज ७,४०० हून अधिक किशोरवयीन मुलामुलींचाही त्याच काळात स्नानसंस्कार झाला. प्रौढांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जण अठरा ते पंचवीस या वयोगटातील होते. ज्या देशाने १९०५ साली कायद्याने शासन आणि ख्रिस्तसभा यांची फारकत केली, जेथील खेड्यापाड्यांतील चर्चच्या बाकांवर वर्षानुवर्षे धूळ साचत होती, त्या देशातील हे वृत्त आहे. आपल्याकडील कॅथलिक नियतकालिकांनी ते आनंदाने छापले आणि ते योग्यच झाले.

या नवस्नातांच्या नशिबी एक विलक्षण योगायोग होता. शनिवारी, १९ एप्रिलच्या रात्री त्यांच्या मस्तकावर पाणी ओतले गेले, रविवारी त्यांनी पुनरुत्थानाची मिस्सा साजरी केली आणि सोमवारी सकाळी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची वार्ता आली. म्हणजे ख्रिस्ती म्हणून त्यांच्या आयुष्याचा जेमतेम दुसरा दिवस उजाडला, तोच सारी ख्रिस्तसभा शोकात होती. आनंद आणि पोरकेपण एकाच आठवड्यात अनुभवण्याचा प्रसंग फार थोड्यांवर येतो.

या आकड्यांमुळे हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. त्याच फ्रान्समध्ये तान्ह्या बालकांच्या स्नानसंस्कारांची संख्या गेली कित्येक वर्षे सातत्याने घसरत आहे. प्रौढांची वाढ ती घट भरून काढू शकत नाही. तेव्हा जुना कॅथलिक फ्रान्स परतला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ही तरुण मंडळी कोणाच्या धाकाने किंवा रिवाजाने आलेली नाहीत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी प्रार्थनेची परंपराच नव्हती. कोणी आजीच्या आठवणीने आला, कोणी मित्राच्या संगतीने, तर कोणी मोबाइलच्या पडद्यावर काही ऐकून, बायबल उघडून आणि मग चाचरत चर्चच्या दारापर्यंत पोहोचला. सामान्यतः वर्ष-दोन वर्षांची तयारी करून ते त्या पाण्यापाशी उभे राहिले.

आणि आता? फ्रान्समधील धर्मगुरूंना नेमका हाच प्रश्न सतावत आहे. पॅरिस आणि त्याभोवतीचे प्रदेश मिळून आठ धर्मप्रांत होतात. त्यांच्या महागुरुस्वामींनी २०२५ साली एक प्रांतिक परिषद भरवण्याचे जाहीर केले. तिचा विषय आहे दीक्षार्थी आणि नवस्नात. प्रांतिक परिषद ही काही वरचेवर भरणारी बैठक नसते. ती बोलवावीशी वाटली, यातच प्रश्नाचे गांभीर्य येते.

अडचण कोठे येते ते समजून घेण्यासारखे आहे. दीक्षार्थी असताना त्या तरुणाला एक छोटा समूह असतो. दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला भेट ठरलेली असते. कोणीतरी सोबती त्याचे प्रश्न ऐकून घेतो. धर्मगुरू त्याला नावाने ओळखतात. मग ती तेजस्वी रात्र येते, हातात मेणबत्ती येते, सारे चर्च उभे राहून स्वागत करते आणि त्यानंतरच्या रविवारपासून समूह विसर्जित होतो. सोबत्याचे काम संपलेले असते, कारण त्याला पुढच्या वर्षीचे दीक्षार्थी मिळालेले असतात. विद्यार्थी असेल तर तो शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातो. तेथल्या चर्चमध्ये त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. वेदीपाशी तेच शब्द, तीच उठबस, बाजूला घड्याळाकडे पाहणारे लोक. आपल्या भाषेत ज्याला नव्याचे नऊ दिवस म्हणतात, ते संपतात आणि दहावा दिवस उजाडतो.

प्राचीन ख्रिस्तसभेला हा दहावा दिवस ठाऊक होता. पुनरुत्थानाच्या रात्री स्नानसंस्कार घेतलेले लोक आठ दिवस शुभ्र वस्त्रे परिधान करून रोज एकत्र येत असत. त्या दिवसांत त्यांना जे शिकवले जाई, ते आधी मुद्दाम शिकवलेले नसे. जेरुसलेमचे संत सिरिल आणि मिलानचे संत अँब्रोज यांची या आठवड्यातील प्रवचने आपल्याला उपलब्ध आहेत. तुम्ही पश्चिमेकडे तोंड करून सैतानाचा धिक्कार केलात, तो का? तेलाचा अभ्यंग कशासाठी? पाण्यात उतरणे म्हणजे कोणाबरोबर मरणे आणि कोणाबरोबर उठणे? आधी अनुभव आणि मग अर्थ, असा तो क्रम होता. या शिक्षणाला ग्रीक भाषेत मिस्टागॉजी म्हणत. आपण त्याला रहस्यबोध म्हणू. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९७२ साली प्रौढांच्या दीक्षेचा जो विधी नव्याने तयार झाला, त्यात या रहस्यबोधाच्या काळाला त्याचे स्थान परत मिळाले. ग्रंथात मिळाले, असे म्हणणे अधिक अचूक होईल. प्रत्यक्षात जगभरातील बहुतेक धर्मग्रामांत दीक्षेच्या साखळीतील हीच कडी सर्वांत कच्ची राहिली आहे.

मराठी ख्रिस्ती वाचकांना याबाबतीत फ्रान्सकडेच पाहण्याची गरज नाही. आपल्या भाषेतील एक महान ग्रंथ याच गरजेतून जन्मला आहे. मूळचे इंग्लंडचे येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ख्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. त्याच्या निर्मितीचे कारण ग्रंथाच्या प्रारंभीच आले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी आम्ही वाचावे, ऐकावे असे काही तुम्ही आम्हाला का देत नाही? किती नेमका प्रश्न आहे हा! या माणसाचा स्नानसंस्कार झालेला होता, तो चर्चला येत होता, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरेही त्याच्या कानावर पडत होती. तरी त्याला काहीतरी उणे वाटत होते. श्रद्धेला रोजचे अन्न लागते, गाणे लागते, कथा लागते आणि ती आपल्या भाषेत लागते. फादर स्टीफन्स यांनी त्याला चार ओळींचे उत्तर देऊन वाटेला लावले नाही. जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहिल्या! पुढे कित्येक पिढ्या त्या चर्चमधून आणि घराघरांतून गायिल्या गेल्या.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी बहुतेकांना तान्हेपणीच स्नानसंस्कार मिळाला, त्यामुळे ‘पहिला आनंद’ म्हणजे नक्की कोणता, असे कोणी विचारील. तो प्रत्येकाचा वेगळा असतो. एखाद्याला प्रथम ख्रिस्तप्रसादाची सकाळ आठवते, एखाद्याला तरुणपणीच्या ध्यानशिबिरातील ती रात्र, जेव्हा रडू आवरेना. एखाद्या जोडप्याला विवाहाच्या दिवशी वेदीसमोर गुडघे टेकलेले क्षण आठवतात. धर्मगुरूंना त्यांच्या गुरुदीक्षेनंतरची पहिली मिस्सा आठवते. वीस-तीस वर्षांनी तोच मनुष्य रविवारी मिस्सेला येतो, विश्वासांगीकार म्हणतो आणि ‘आमेन’ म्हणून झाल्यावर आपण मधले काय म्हटले ते त्याला आठवत नाही. संध्याकाळी जपमाळ चालू असते आणि मन बाजारात फिरत असते. कुमसाराला गेला तर तीच यादी, त्याच क्रमाने. वेदीच्या या बाजूला उभे राहणाऱ्यांचीही स्थिती याहून फार वेगळी नसते. रोज तेच शब्द उच्चारणाऱ्याला हा धोका अधिकच असतो.

आपली चर्चेस अजून भरलेली आहेत आणि त्यामुळे हा प्रश्न आपल्याला ऐकू येत नाही. फ्रान्समध्ये रिकाम्या बाकांनी तो मोठ्याने विचारला. आपल्याकडे तो गर्दीत दबून जातो. मात्र दृढीकरणाचा संस्कार झाला की धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुले, पदवी मिळाल्यासारखी कोठे नाहीशी होतात, हे प्रत्येक धर्मग्रामातील शिक्षक-शिक्षिका सांगतील. फ्रान्समधील नवस्नात आणि आपली दृढीकरण झालेली मुले यांची गोष्ट एकच आहे. संस्काराच्या आधी सर्व तयारी, संस्कारानंतर काहीच नाही.

या मरगळीवर दोन उपाय हमखास सुचवले जातात. मला ते दोन्ही अपुरे वाटतात. पहिला उपाय म्हणजे काहीतरी नवे करा: मोठा ध्वनिक्षेपक, मोठा गायनवृंद, बाहेरून आणलेला वक्ता, रंगीत दिवे, प्रत्येक सणाला नवा देखावा. यांपैकी कशालाही माझा विरोध नाही. पण उत्साहाचा हा ज्वर उतरला की पुढच्या वेळी मात्रा वाढवावी लागते. जे लोक एका शिबिरातून दुसऱ्या शिबिराकडे पहिल्या अश्रूंच्या शोधात फिरत राहतात, त्यांच्याविषयी मला आदरापेक्षा काळजी अधिक वाटते.

दुसरा उपाय याच्या उलट आहे. तो म्हणतो, नेमच वाईट. मन लागत नसेल तर चर्चला जाणे हे ढोंग आहे, मनापासून वाटेल तेव्हाच प्रार्थना करावी. सुशिक्षित तरुणांना हे फार प्रामाणिक वाटते. परंतु नेम थांबल्यावर काय होते, याचा प्रयोग आपल्या डोळ्यांसमोर झाला आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे चर्चचे दरवाजे बंद झाले. महाराष्ट्रात ते १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडले, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा मिटले आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडले. या काळात दूरचित्रवाणीच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर मिस्सा पाहिली गेली. प्रारंभी घरची सारी मंडळी स्नान करून, दिवा लावून बसत. काही महिन्यांनी चहाचा कप हाती आला. मग मिस्सा चालू ठेवून भाजी निवडली जाऊ लागली. नेम सुटल्याने मन मोकळे होऊन प्रार्थनेला अधिक उत्कट झाले, असे फारसे कोणाच्या बाबतीत झाले नाही. दरवाजे उघडल्यावर काही जण धावत आले आणि काही जण आलेच नाहीत. जे आले नाहीत, त्यांना श्रद्धेविषयी कोणतीही शंका आली नव्हती. त्यांची फक्त सवय मोडली होती. ज्या नेमाला आपण पोकळ म्हणत होतो, त्याने कितीतरी लोकांना इतकी वर्षे धरून ठेवले होते, हे तो तुटल्यावर कळले.

मनाच्या या कोरडेपणाचे निदान फार जुने आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणारे इव्हाग्रियस नावाचे तपस्वी होऊन गेले. ३९९ साली त्यांचे निधन झाले. भर दुपारी साधूवर चाल करून येणाऱ्या एका विकाराचे त्यांनी वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा भासतो, साधू सारखा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटायला येतो का म्हणून बाहेर डोकावतो, आपली कोठडी आणि आपले काम यांचा त्याला वीट येतो, घरच्यांची आठवण येते आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी आपली साधना अधिक चांगली होईल असे त्याला पटू लागते. खिडकीच्या जागी मोबाइल ठेवला की हे वर्णन आजचे होते. या विकाराला त्यांनी अकेदिया म्हटले. संत जॉन कॅसियन यांनी ही शिकवण पाचव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्सच्या मार्सेय नगरात आणली, म्हणजे ज्या भूमीतील नवस्नातांची चिंता आज वाहिली जात आहे, तेथे या दुखण्याची ओळख सोळाशे वर्षांची आहे. या वाळवंटातील गुरूंचा सल्ला अगदी साधा होता: कोठडी सोडू नकोस, हाताने काम कर, थोडीशी का होईना पण प्रार्थना कर. बरे वाटेपर्यंत थांब, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

त्याच फ्रान्समधील एक तरुणी आपल्या बहुतेक चर्चमध्ये मूर्तिरूपाने उभी आहे, हातात क्रूस आणि गुलाब घेऊन. लिझ्यूच्या संत तेरेजा १८८८ साली पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेल्या आणि १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने वारल्या. १९२५ साली त्यांना संतपद मिळाले. गुलाबांमुळे आपला समज होतो की त्यांचे आयुष्य गोड गोड होते. वस्तुस्थिती निराळी आहे. प्रार्थनेच्या वेळी त्यांना झोप येई. एकांतात जपमाळ म्हणताना चित्त लावणे त्यांना अतिशय कठीण जाई आणि हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. १८९६ च्या पुनरुत्थान काळापासून तर त्यांच्या मनातून स्वर्गाविषयीची सारी जाणीवच नाहीशी झाली आणि हा अंधार मृत्यूपर्यंत टिकला. त्या काळात त्यांनी स्वतःच्या रक्ताने विश्वासांगीकार लिहिला आणि तो छातीशी बाळगला. जेवणाच्या खोलीत, कपडे धुण्याच्या ठिकाणी, न आवडणाऱ्या भगिनींशी हसून वागण्याचा क्रम त्यांनी सोडला नाही. आपल्या कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांच्याही अंतःकरणात कित्येक दशके असाच अंधार होता, हे त्यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाल्यावर जगाला कळले. ज्या हातांनी गटारातून माणसे उचलली, त्या हातांना प्रार्थनेत काही लागत नव्हते. आनंदाची भावना ओसरणे आणि श्रद्धा मरणे या दोन गोष्टी एक नाहीत, एवढे तरी या दोघींमुळे निश्चित होते.

मग प्रकटीकरणाच्या पुस्तकात इफिसच्या मंडळीला इतका कठोर इशारा का दिला आहे? त्या मंडळीचे श्रम, तिचा धीर, खोट्या प्रेषितांना ओळखण्याची तिची पारख, या सर्वांची प्रभू प्रशंसा करतो आणि तरीही म्हणतो की, तिने आपली पहिली प्रीती टाकली आहे. हा उतारा आपण पुष्कळदा भावनेच्या अंगाने वाचतो. पण प्रभूने तिला सांगितलेला उपाय लक्षपूर्वक पाहावा. आठव, पश्चात्ताप कर आणि आरंभी करत होतीस ती कृत्ये कर. आरंभी वाटत होते तसे वाटू दे, असे तेथे म्हटलेले नाही. वाटणे आपल्या हाती नसते, करणे असते. इफिसचे बंदरही येथे आठवते. नदीने आणलेल्या गाळाने ते शतकानुशतके भरत गेले, पुन्हा पुन्हा उपसले गेले आणि अखेर उपसणे थांबले. आज समुद्र तेथून काही किलोमीटर दूर आहे. कोणत्याही एका दिवशी तो निघून गेला नाही.

आरंभीची कृत्ये म्हणजे काय, हे नवस्नातांकडे पाहिल्यास कळते. ते प्रश्न विचारतात. शुभवर्तमान स्वतः उघडून वाचतात. कोणाच्या तरी सोबतीने चालतात. आपल्याला या तिन्ही गोष्टींची लाज वाटू लागली आहे. पन्नाशीच्या गृहस्थाने, धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचा थेंब का घालतात, असे विचारले तर लोक काय म्हणतील? म्हणून तो आयुष्यभर विचारत नाही आणि आम्हीही आपणहून सांगत नाही. वास्तविक ख्रिस्ताच्या दैवीपणात आपल्या मानवीपणाला वाटा मिळावा, ही तेथे हलक्या आवाजात केलेली प्रार्थना एकदा समजली, तर तो थेंब पाहताना मन इतके सहज बाजारात जाणार नाही. दारातल्या पवित्र पाण्यात बोट बुडवून आपण कपाळाला लावतो, ते स्नानसंस्काराचे स्मरण आहे. हे किती मुलांना सांगितले जाते? माझ्या मते, वर्षातील काही रविवारी प्रवचनाचा विषय केवळ मिस्सेतील एकेक कृती असावा. दृढीकरण झालेल्या मुलांचा समूह त्या दिवशी विसर्जित न करता निदान एक वर्ष चालू ठेवावा. नवे काही उभारण्याची गरज नाही, छोट्या ख्रिस्ती समूहांतच त्यांना नावानिशी जागा देता येईल. आजारी वृद्धांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी जाताना या मुलांपैकी दोघांना सोबत न्यावे. अंथरुणाला खिळलेली आजी ज्या आसुसलेपणाने ‘आमेन’ म्हणते, ते पाहिल्यावर रविवारच्या रांगेतील ‘आमेन’ कसे असते याचा विचार त्यांच्या मनात आपोआप येईल.

पोप फ्रान्सिस श्रद्धावंतांना वारंवार एक गृहपाठ देत असत: आपल्या स्नानसंस्काराची तारीख शोधून काढा आणि ती विसरू नका. आपल्याकडे जन्मतारीख सर्वांना पाठ असते, ही तारीख मात्र क्वचित कोणाला सांगता येते. ती धर्मग्रामाच्या कार्यालयातील नोंदवहीत असते. त्याच ओळीत आईवडिलांची, धर्मपित्याची आणि धर्ममातेची नावे असतात, संस्कार देणाऱ्या धर्मगुरूंचे नाव असते आणि समासात पुढे दृढीकरणाची व विवाहाची नोंद होते. बहुतेक लोकांसाठी ही वही उघडली जाते ती केवळ विवाहाच्या दाखल्यासाठी. येत्या आठवड्यात कोणी निव्वळ तारीख पाहण्यासाठी कार्यालयात गेल्यास कारकुनाला नवल वाटेल, पण तो वही काढून देईल. शोधण्यासाठी जन्मवर्ष आणि आईवडिलांची नावे पुरेशी असतात. धर्मपिता किंवा धर्ममाता हयात असतील, तर परतताना त्यांच्या घरी जाऊन यावे.